व्यवस्थापकांचे व्यावहारिक प्रशिक्षण (नागपूर)

हाताखाली माणसे असलेल्या कोणालाही, मग तो कारखान्यातला शिफ्ट इन्चार्ज असो की बँकेचा शाखाधिकारी, माणसांकडून काम करून घेण्याचे जे शिक्षण चालू नोकरीत दिले जाते, त्याला व्यवस्थापकांचे व्यावहारिक प्रशिक्षण म्हणतात. काम वाटून देणे, शिकवणे, पाठपुरावा करणे, चुकले तर सांगणे, तंटा मिटवणे आणि माहिती अपुरी असताना निर्णय घेणे हे त्याचे विषय. व्यवस्थापनाची पदवी बहुतेक जण खुर्ची मिळण्याआधी घेतात. या प्रशिक्षणाची गरज खुर्चीत बसल्यावर कळते. म्हणून शिकणाऱ्याचे स्वतःचे रखडलेले काम हाच त्याचा खरा अभ्यासक्रम. ते बाजूला ठेवून हॉटेलात ऐकलेली व्याख्याने आठवड्याभरात विरून जातात.

माणसांकडून काम करून घ्यायला कोण नेमावा, या प्रश्नापाशीच नागपूरच्या गिरणी उद्योगाची सुरुवात झाली. जमशेटजी टाटांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी तिची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. मेहता जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापड गिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तंत्रज्ञाने सांभाळली. माल, माणसे आणि वेळ यांची सांगड घालणे हे यंत्र जाणण्याहून निराळे कसब आहे, हे या नेमणुकीत गृहीत होते.

हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत आज बहुधा याच्या उलट घडते. जो ऑपरेटर सर्वांत हुशार, त्याला सुपरवायझर करतात. मशीन बंद पडली की तो स्वतःच पाना घेऊन वाकतो, कारण ते काम त्याला येते आणि त्याचा मान त्यातच आहे. अर्ध्या तासात मशीन चालू होते. पण पुढच्या शिफ्टचा माल आला की नाही हे तेवढ्या वेळात कोणी पाहिलेले नसते आणि हाताखालचा मुलगा काही शिकलेला नसतो. काल ज्याच्यासोबत टपरीवर तर्री-पोहे खाल्ले त्याला आज ‘उशीर का झाला’ हे विचारणे त्याहून अवघड. कोणी एकदम साहेब होतो, कोणी ‘जाऊ दे ना भाऊ’ म्हणून सोडून देतो. दोन्हींत शिस्त जाते.

चांगल्या वर्गात हा प्रसंग वठवून घेतात. एक जण सुपरवायझर होतो, दुसरा तिसऱ्यांदा उशिरा आलेला कामगार. सुपरवायझरने आधी कारण विचारायचे, मग कुठले काम अडले ते सांगायचे आणि पुढचा उपाय समोरच्याच्या तोंडून काढायचा. नंतर भूमिका बदलतात. शिकणे खरे तर या दुसऱ्या फेरीत होते, कारण चारचौघांत झालेली खरडपट्टी किती लागते हे कामगाराच्या जागी उभे राहिल्यावरच समजते.

शिकवण्याची सर्वांत टिकाऊ रीत अमेरिकेत १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी कार्यक्रमातून आली. युद्धामुळे कारखान्यांत नवखे हात आले होते आणि त्यांना शिकवायला पर्यवेक्षकांनाच तयार करायचे होते. काम शिकवण्याचा त्यातला वर्ग दहा तासांचा असे. प्रशिक्षक विजेच्या वायरीची एक गाठ कशी मारायची ते आधी नुसते तोंडाने सांगे. समोरच्याला ती जमत नसे. मग काही न बोलता करून दाखवी. तरीही जमत नसे. त्यानंतर चार पायऱ्या: शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, एकेक टप्पा दाखवत त्यातली खुबी व कारण सांगणे, त्याच्याकडून करवून आणि वदवून घेणे, शेवटी एकटे सोडून अधूनमधून पाहणे. गाठ बसे. ‘सांगितलं होतं ना?’ ही आपल्याकडच्या शॉप फ्लोअरवरची नेहमीची तक्रार या एका प्रयोगाने निकालात निघते.

अनुभवी व्यवस्थापकाचे दुखणे वेगळे: जुनी उत्तरे त्याला पाठ झालेली असतात. त्यावरचा उपाय कोळसा खाणींतून आला. ब्रिटनच्या नॅशनल कोल बोर्डात १९४० च्या दशकात शिक्षणाची जबाबदारी सांभाळताना रेग रेव्हन्स यांनी खाणींच्या व्यवस्थापकांचे छोटे गट केले. प्रत्येकाने आपला न सुटलेला प्रश्न मांडायचा, इतरांनी सल्ला देण्याआधी प्रश्न विचारायचे, ठरलेले खाणीत करून पाहायचे आणि पुन्हा येऊन सांगायचे. ‘ॲक्शन लर्निंग’ ती हीच. वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचे मुख्यालय असलेल्या नागपूरला ही पद्धत परकी वाटू नये. मायनिंग सरदार आणि ओव्हरमन हे खाणीतले पर्यवेक्षक, मग द्वितीय व प्रथम श्रेणीचा व्यवस्थापक अशी सक्षमता प्रमाणपत्रांची शिडी खाणीत कायद्यानेच आहे. पण रुसलेल्या ओव्हरमनला कामाला कसे लावावे, हे दुसरा खाण व्यवस्थापकच नीट सांगू शकतो.

शहरात संस्थांची वाण नाही. भारतीय व्यवस्थापन संस्था (आयआयएम) २०१५ साली व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात सुरू झाली आणि २०२२ मध्ये मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पातील स्वतःच्या परिसराचे उद्घाटन झाले. नोकरदारांसाठीही तिचे अभ्यासक्रम आहेत. आयकर सेवेतले नवे अधिकारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत घडतात, कृषी विस्ताराचे वनामती या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेत. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात आगीच्या जागी माणसांची नेमणूक आणि आज्ञा यांचा सराव होतो. लहान कारखान्यांचे सुपरवायझर मात्र या दारांपर्यंत क्वचितच पोहोचतात, आणि सर्वाधिक गरज त्यांनाच आहे. त्यांच्यासाठी वर्ग शिफ्ट सुटल्यावर, कारखान्यातच आणि मराठी-हिंदीत घ्यायला हवेत.

प्रशिक्षणाचे फळ मोजण्याच्या चार पातळ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडल्या: वर्ग आवडला का, काय शिकले, वागणे बदलले का आणि कामावर परिणाम काय झाला. शेवटच्या दिवशी भरून घेतलेला फॉर्म पहिल्या पातळीच्या पुढे जात नाही. तिसरी पातळी पाहायची तर दोन-तीन महिन्यांनी व्यवस्थापकाच्या हाताखालच्यांनाच विचारावे लागते. चौथीसाठी लहान कारखान्याला बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही; हजेरीपत्रक, रिजेक्शनची (नापास मालाची) नोंद आणि काम सोडून गेलेल्यांची यादी, हे वर्गाआधीचे आणि नंतरचे कागद शेजारी ठेवले तरी पुरते.