क्रमशः स्नायुशिथिलीकरण

शरीरातील स्नायूंचा एकेक गट आधी मुद्दाम आवळायचा, काही सेकंद तसाच धरायचा आणि मग एकदम सैल सोडायचा, या क्रमाने सर्वांगाचा ताण उतरवण्याच्या पद्धतीला क्रमशः स्नायुशिथिलीकरण असे म्हणतात. ही पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन (१८८८–१९८३) यांनी विकसित केली. हार्वर्ड विद्यापीठात अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने माणूस कसा दचकतो याचा १९०८ पासून अभ्यास करताना, ज्यांचे स्नायू पूर्ण सैल असतात ते फारसे दचकत नाहीत, असे त्यांना आढळले. पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी स्नायूंतील अतिसूक्ष्म विद्युत्‌क्रिया मोजली. हात वाकवल्याची नुसती कल्पना केली तरी त्या हाताच्या स्नायूंत क्षीण विद्युत्‌क्रिया नोंदली जाते, हे त्यातून दिसून आले. मनातली चिंता आणि स्नायूंतला ताण एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, या त्यांच्या विचाराला या मोजमापाचा आधार होता. त्यांचा या विषयावरील मुख्य ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

जेकबसन यांची मूळ पद्धत अत्यंत सावकाश चालणारी होती. एकाच स्नायुगटावर अनेक बैठका खर्ची पडत आणि संपूर्ण शिक्षणाला कित्येक महिने लागत. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात भीतीवरील उपचारांसाठी तिचे संक्षिप्त रूप वापरले. १९७३ मध्ये डग्लस बर्नस्टीन आणि थॉमस बोरकोव्हेक यांनी सोळा स्नायुगटांची जी मांडणी केली, तिच्याशी आज शिकवली जाणारी बहुतेक रूपे मिळतीजुळती आहेत. सराव मुरला की सोळाचे सात आणि साताचे चार गट करता येतात आणि शेवटी काहीही न आवळता, केवळ सैलपणाची आठवण करून शरीर सोडून देता येते.

सुरुवात बहुधा हातापासून होते. पाठीला आणि मानेला आधार मिळेल असे बसून किंवा पडून उजव्या हाताची मूठ पाच ते सात सेकंद आवळली, की बोटांच्या पेरांत, तळव्यात आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओढ जाणवते. मग मूठ हळूहळू नव्हे, तर एका झटक्यात सोडायची आणि अर्धा मिनिट काहीही न करता हाताकडे लक्ष द्यायचे. हात जड होतो, काहींना ऊब जाणवते. याच रीतीने दंड, कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, छाती, पोट, मांड्या, पोटऱ्या आणि पावले असा क्रम घेतला जातो. आवळणे हाच खरा व्यायाम आहे, अशी पुष्कळांची समजूत होते आणि मग ते दातओठ खाऊन जोर लावतात. वास्तविक आवळणे हे ताण ओळखता यावा म्हणून केलेले निमित्त आहे; आवळलेला आणि सुटलेला स्नायू यांतला फरक बारकाईने जाणवणे, हाच या पद्धतीचा गाभा होय.

चिंता, निद्रानाश आणि तणावजन्य डोकेदुखी यांच्या उपचारांत ही पद्धत वापरली जाते. मात्र ती मूळ आजाराच्या औषधोपचाराची जागा घेऊ शकत नाही. जोर जास्त झाल्यास पोटरीत किंवा पावलात गोळा येतो, म्हणून तेथे हलकेच आवळावे. मान किंवा पाठ दुखत असल्यास, तसेच नुकतीच दुखापत किंवा शस्त्रक्रिया झालेली असल्यास तो भाग वगळावा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. काही व्यक्तींना शरीर सैल पडू लागताच उलट बेचैनी वाटते. अशा वेळी डोळे उघडे ठेवून एकदोन गटांपुरताच सराव करणे बरे.

जेकबसन यांना केवळ पडून राहण्याचे तंत्र अभिप्रेत नव्हते. हातातले काम चालू असताना त्या कामाला लागतील तेवढेच स्नायू वापरायचे आणि बाकीचे सैल ठेवायचे, याचेही शिक्षण ते देत असत. लिहिताना बोटांना लेखणी धरावी लागते, पण त्यासाठी खांदे कानांपर्यंत चढण्याची किंवा दात एकमेकांवर दाबले जाण्याची काहीच गरज नसते.