ओव्हन काढला, पण त्याची कामं कुणाकडे? कुत्र्यासाठी न भाजता केलेला खाऊ

कुत्र्याचा खाऊ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हाडाच्या आकाराचं, दाताखाली कडकन मोडणारं बिस्किट. तो कडकपणा कुत्र्याने मागितलेला नाही. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकी माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला सुरुवात केली. लांबच्या सफरीवरचे खलाशी महिनोन्‌महिने टिकणारी, दगडासारखी बिस्किटं खात. कुत्र्याचं बिस्किट त्यांच्याच वळणावर गेलं. भाजून पाणी उडवलं की पीठ नासत नाही आणि दूरवर पाठवता येतं. म्हणजे भाजण्याची गरज मुळात साठवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची. घरी आज वळलेली गोळी परवापर्यंत संपणार असेल, तर ओव्हनवाचून काही अडत नाही.

अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. पदार्थ कडक करता करता ओव्हन आणखी कामं उरकत असतो. पिठातले जंतू मरतात, पाणी निघून जातं, स्टार्च शिजतो. ओव्हन काढून घेतला तरी ही कामं कुणाकडे तरी सोपवावीच लागतात. न भाजता करायच्या कितीतरी पाककृती इथेच घसरतात.

सगळ्यात मोठी चूक कच्च्या पिठाची. पीठ, पीनट बटर आणि केळं एकत्र मळलं, गोळ्या वळल्या, फ्रीजमध्ये ठेवल्या की झालं, असं वाटतं. पीठ कोरडं आणि पांढरंशुभ्र असल्यामुळे स्वच्छही वाटतं. पण शेतातून गिरणीत आणि गिरणीतून पिशवीत येईपर्यंत त्याला जंतू मरतील अशी उष्णता सहसा मिळालेलीच नसते. ई. कोलाय आणि साल्मोनेला कोरड्या पिठात वाढत नाहीत, पण महिनोन्‌महिने तग धरतात आणि ओलावा मिळाला की पुन्हा वाढू लागतात. कुत्र्याचं पोट कणखर असतं, हे खरं. तरीही साल्मोनेला पोटात गेलेला कुत्रा स्वतः ठणठणीत दिसत असताना विष्ठेतून ते जंतू बाहेर टाकत राहू शकतो. घरात रांगतं मूल किंवा आजारी माणूस असेल तर प्रश्न एकट्या कुत्र्याचा उरत नाही. आणि पिठात यीस्ट असेल, तर ते कच्चं पीठ कुत्र्याच्या आसपासही नको. पोटाच्या उबेत ते फुगत जातं आणि यीस्टने बनवलेलं अल्कोहोल थेट रक्तात उतरतं.

म्हणून माझी पसंती साध्या रोल्ड ओट्सना. ओट्सचा दाणा चपटा करण्याआधी वाफवतात. एक तर त्यामुळे तो मऊ पडून दाबता येतो. दुसरं म्हणजे त्यातलं तेल खवट करणारं एन्झाइम निकामी होतं. त्या वाफेने जंतूही बरेच कमी होतात. ओव्हनचं पहिलं काम असं आधीच बऱ्यापैकी झालेलं असतं.

राहिला स्टार्च. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट बांधलेले असतात, पचनरसाला आत शिरायला वाट नसते. पाणी आणि उष्णता मिळाली की ते फुगतात आणि सैल पडतात. आपण भाकरीचा घास चावत असतानाच लाळेतलं अमायलेज, म्हणजे स्टार्च फोडणारं एन्झाइम, कामाला लागतं. कुत्र्याच्या लाळेत ते जवळपास नसतंच, सगळा भार स्वादुपिंडावर. तरीही तो स्टार्च पचवतो, आणि कसा पचवतो याची गोष्ट मला फार हृद्य वाटते. २०१३मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी लांडगे आणि कुत्रे यांचे जनुकसंच ताडून पाहिले. अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यांत २ प्रती होत्या, कुत्र्यांत ४पासून ३०पर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं वाढलेल्या सोबत्याने ती सोबत अशी पेशीपेशीत लिहून ठेवली आहे. पण जनुकं कितीही असली तरी शिजलेला स्टार्चच त्याला सोपा. तेव्हा लाल भोपळा उकडावा, गर वाफाळता असतानाच त्यात ओट्स घालावेत आणि भांडं झाकून १५-२० मिनिटं ठेवावं. ओट्स पाणी पितात, मऊ होतात, आणि त्यांच्यातलं बीटा-ग्लुकन नावाचं तंतुमय द्रव्य बुळबुळीत होऊन सगळं मिश्रण धरून ठेवतं. ते बुळबुळीतपण आलं की वेगळं काही चिकटवायला लागत नाही.

माप सांगतो. ८० ग्रॅम ओट्स, १२० ग्रॅम भोपळ्याचा गर, आणि निवल्यावर १५ ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा, पीनट बटर. याच्या लहान सुपारीएवढ्या ४० गोळ्या होतात. मीठ नाही, साखर नाही, मसाला नाही.

पीनट बटरपाशी मात्र थांबायला हवं. डब्यामागचे घटक वाचल्याशिवाय ते कुत्र्याला देऊच नये. साखर नसलेल्या काही प्रकारांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं. त्यालाच बर्च शुगर असंही म्हणतात, आणि त्या नावामुळे ते नजरेतून सुटतं. माणसाच्या शरीरात झायलिटॉलने इन्सुलिन फारसं हलत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला साखर समजून बसतं आणि भराभर इन्सुलिन सोडतं. रक्तात नवी साखर आलेलीच नसते. जी होती तीही पेशींत खेचली जाते. बऱ्याचदा अर्ध्या-एक तासात कुत्रा झोकांड्या खाऊ लागतो, झटके येऊ शकतात. दर किलो वजनामागे सुमारे ०.१ ग्रॅम एवढ्याने हे घडू शकतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला अवघा १ ग्रॅम पुरे. दर किलोमागे ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याची भीती असते. पोटात गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. डबा हातात घेऊन पशुवैद्याला फोन करावा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय घरच्या घरी उलटी करवू नये.

मनुका आणि द्राक्षंही अजिबात नकोत. कोणत्या कुत्र्याला किती बाधतील याचा अंदाज कित्येक वर्षं लागत नव्हता: एखादा मूठभर खाऊन खेळत राही, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोडक्याने बंद पडत. २०२१मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधेच्या तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. केकमध्ये वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं अगदी तशीच बिघडलेली त्यांनी पाहिली होती. द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार या आम्लाचं प्रमाण बदलतं, त्यामुळे जुनं कोडं बरंचसं सुटतं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचेचा कोळही दूरच ठेवावा. चॉकलेटचं बहुतेकांना ठाऊक असतं, तरी कारण सांगून ठेवतो: कुत्र्याच्या शरीरातून चॉकलेटमधलं थिओब्रोमीन अर्धं कमी व्हायलाच सुमारे १७ तास लागतात, आणि तोवर ते हृदयाला आणि मेंदूला चेतवत राहतं. मॅकाडेमियाचे दाणेही वर्ज्य. ते खाऊन कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात.

आता जिलेटिन. न भाजता करायच्या खाऊत मला सगळ्यात आवडतं ते हेच. प्राण्यांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजनपासून ते काढतात. कोमट-गरम पाण्यात त्याचे लांब धागे सुटे होतात, आणि थंड होताना तीन-तीन धागे एकमेकांभोवती पीळ घालून जाळं विणतात. पाणी त्या जाळ्यात अडकून पडतं. हा पीळ ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा सुटतो. कुत्र्याचं शरीर ३८-३९ अंशांचं असतं, त्यामुळे वडी तोंडातच विरघळू लागते. दात गेलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला यापेक्षा सोयीचा खाऊ नाही. १५ ग्रॅम जिलेटिन आधी थोड्या गार पाण्यात भिजवून फुगवावं, मग एकूण २५० मिलिलिटर होईल इतक्या गरम, तूप-चरबी काढून टाकलेल्या मटणाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात विरघळवावं आणि ताटलीत ओतून फ्रीजमध्ये ठेवावं. कच्चं अननस, पपई किंवा किवी त्यात घातलं तर वडी कधीच जमणार नाही, कारण त्या फळांतली एन्झाइमं प्रथिनांचे धागेच कापून टाकतात.

मांसाचं ते पाणी घरीच काढावं. विकतच्या पावडरीत आणि क्यूबमध्ये मीठ असतंच, शिवाय बहुधा कांदा-लसूण असतो. त्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन बिघडवतात, पेशी फुटतात, आणि कुत्रा पंडुरोगी होतो. शिजवल्याने हा दोष जात नाही. सुकवून पूड केली की उलट थोड्या जागेत जास्त सामावतो.

ओव्हनचं उरलेलं काम पाणी उडवण्याचं, आणि ते आपल्याला साधता येत नाही. सुक्या बिस्किटात जंतूंच्या हाती लागेल असं मोकळं पाणी उरत नाही. आपल्या गोळीत ते भरपूर असतं. तिथे थंडीची मदत घ्यावी लागते, पण ती मदत समजून घ्यावी. फ्रीज जंतूंना मारत नाही, त्यांची वाढ मंदावतो. फ्रीझर ती थांबवतो. बाहेर काढल्यावर जगलेले जंतू पुन्हा सुरू. लिस्टेरियासारखे काही तर फ्रीजमध्येही सावकाश वाढत राहतात. म्हणून गोळ्या असोत की वड्या, फ्रीजमध्ये तीन दिवस, त्याहून जास्त असतील ते सगळं पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये. दोन तास टेबलावर राहिलेला खाऊ मी तरी टाकून देईन. दह्याचे गोठवलेले तुकडेही छान, बिनसाखरेच्या दह्याचे. विरजणाने दुधातली काही लॅक्टोज साखर आधीच खाल्लेली असते, त्यामुळे अनेक कुत्र्यांना दुधापेक्षा दही सोसतं. मात्र दगडासारखा कडक बर्फ चघळायला देऊ नये, दात तडकतो. नखाने दाबून खळगा पडला पाहिजे.

आणि किती द्यायचा? खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत राहावा, असं पशुवैद्य सांगतात. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला ६३. पीनट बटरचा एकच मोठा चमचा ९०च्या आसपास जातो! वरच्या गोळ्यांत तो ४० ठिकाणी वाटला गेला आहे, म्हणून एक गोळी १० किलोकॅलरीच्या आसपास येते आणि सहा देता येतात. कुत्रा ५ किलोचा असेल तर तीन. स्वादुपिंडाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच एकच गोळी द्यावी आणि पोट बिघडत नाही ना ते पाहावं.

कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७०० रुचिकलिका असतात, आपल्या जिभेवर ९,०००च्या आसपास. चवीचा बराचसा आनंद तो नाकाने घेतो, आणि गार पदार्थातून वासाचे रेणू फार कमी उडतात. म्हणून फ्रीजमधून काढलेली गोळी लगेच पुढे करू नका. मिनिटभर मुठीत धरा. मूठ उघडण्याआधीच नाक बोटांच्या फटीशी आलेलं असेल.