गुडघा बदलायचा, पण कधी आणि कुठे?

मार्च २०२० मध्ये, कोरोनाची साथ पसरत असताना, ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं. खुबा आणि गुडघा बदलण्याची ऑपरेशनं त्यातच आली. झिजलेल्या गुडघ्याने कोणी मरत नाही, हे खरं. पण पुढे तिथे प्रतीक्षायादीतल्या रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा खुब्यासाठी थांबलेल्या ३५ टक्के आणि गुडघ्यासाठी थांबलेल्या २२ टक्के लोकांच्या प्रकृतीचा गुणांक शून्याखाली निघाला. त्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे मृत्यू. या वेदनेला ‘थांबता येण्याजोगी’ म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं.

तरी घाई करणंही जीवघेणं होतं. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोनाची लागण झालेल्यांपैकी २३.८ टक्के रुग्ण महिन्याभरात दगावले. यातली बहुतेक ऑपरेशनं तातडीची होती, हे लक्षात ठेवायला हवं. पण निम्म्या रुग्णांना फुप्फुसाचा त्रास झाला, ही बाब अस्थिशल्यविशारदांना जास्त बोचणारी. खुब्या-गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर पायातल्या शिरांत गुठळ्या होऊन त्या फुप्फुसात जाण्याचा धोका असतोच, आणि कोरोनानेही रक्त गोठण्याकडे झुकतं. दोन्ही एकाच वेळी नकोत.

मग थांबायचं किती? २०२१ मध्ये ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांच्या नोंदींनी उत्तर दिलं. लागणीनंतर पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ४.१ टक्के होतं, पाचव्या-सहाव्या आठवड्यातही ३.६. सात आठवडे उलटल्यावर मात्र ते १.५ वर आलं, म्हणजे लागण न झालेल्यांइतकंच.

जागेचा प्रश्न मला याहून मोलाचा वाटतो. कोरोनाची तपासणी कधी चुकते, पण ज्या इमारतीत तापाचे रुग्ण येतच नाहीत तिथे धोका मुळातच कमी. लंडनजवळ सरे परगण्यातल्या एप्सम इथे फक्त हाडांच्या नियोजित ऑपरेशनांचं केंद्र २००४ पासून आहे. वेगळे वॉर्ड, वेगळा कर्मचारीवर्ग, वेगळी ये-जा ही व्यवस्था तिथे साथीआधीचीच. महासाथीत अशाच ‘कोविडमुक्त’ जागांवर भर दिला गेला. जुलै २०२० पासून ब्रिटनमधल्या मार्गदर्शनात रुग्णाने दाखल होण्याआधी दोन आठवडे लोकांपासून अंतर राखावं, शेवटच्या तीन दिवसांत चाचणी करावी आणि मग दाखल होईपर्यंत घरीच राहावं, असं ठरलं.

सात आठवड्यांचा आकडा सरसकट लावू नये. ज्यांची लक्षणं तेव्हाही टिकून होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ६ टक्के होतं. म्हणून भूलतज्ज्ञाने कोरोना झाल्याची तारीख विचारली, की जिना चढताना अजून धाप लागते का, तेही त्याला सांगावं.