वेगवान गाडी आणि रोजचे रस्ते : टायर निवडण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

टर्बो इंजिनाच्या, मोठ्या ब्रेकच्या आणि सतरा-अठरा इंची अलॉय चाकांच्या गाड्या नाशिकमध्ये आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत, आणि त्या घेऊन आमच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : सर्वांत जास्त ग्रिपचा टायर कोणता? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर देण्याआधी आम्ही गाडी रोज कुठून कुठे जाते हे विचारतो. गंगापूर रोडवरून अंबडच्या कारखान्यापर्यंत रोजची ये-जा, महिन्यातून दोनदा कसाऱ्याचा घाट उतरून मुंबई आणि अधूनमधून सिन्नरजवळून समृद्धी महामार्ग, असा वापर असेल, तर कोरड्या ट्रॅकवर सर्वांत वेगवान ठरणारा टायर त्या गाडीला बहुधा सोयीचा नसतो. ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबवणारा आणि खड्ड्याचा मार सोसणारा टायर त्या गाडीला हवा, असे आमचे मत आहे. ते का, हे पुढे मांडले आहे.

टायरच्या कडेवरचे आकडे

टायरच्या बाजूवर २२५/४५ आर१७ ९१ डब्ल्यू असे काहीतरी कोरलेले असते. यातील २२५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी असून ४५ म्हणजे त्या रुंदीच्या ४५ टक्के इतकी साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १७ म्हणजे रिमचा इंचांमधील व्यास. शेवटचे ९१ हे भार निर्देशांक असून त्याचा अर्थ एका टायरवर कमाल ६१५ किलो; आणि डब्ल्यू हे वेगाचे अक्षर असून त्याची मर्यादा ताशी २७० किलोमीटर आहे. याच अक्षरांत एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० आणि वाय म्हणजे ३००.

समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरचीच मर्यादा आहे, मग २७० चे अक्षर कशाला, असे अनेक जण विचारतात. हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो आणि त्याची आतील बांधणी किती घट्ट आहे, याचेही माप आहे. हवा थोडी कमी, गाडीत पाच माणसे आणि डिकीत सामान, मे महिन्याची दुपार आणि तासभर सलग काँक्रीटचा रस्ता, अशा वेळी कागदावरची मोठी मर्यादा वेगाने आकसत जाते. म्हणून कंपनीने दिलेल्या अक्षरापेक्षा किंवा भार निर्देशांकापेक्षा खालचा टायर आम्ही बसवत नाही, ग्राहकाने आग्रह धरला तरीही. त्याहून वरचे अक्षर घेण्यास हरकत नाही, पण केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे आम्ही सुचवणार नाही.

त्याच कडेवर चार आकड्यांचा एक लहान चौकोनही असतो. २३२४ असे लिहिले असेल, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. टायर घेताना हा आकडा आपण स्वतः वाचून घ्यावा आणि चारही टायरांवर तो जवळपासचा आहे ना, हे पाहावे. आम्ही तो दाखवण्यास कधीही नकार देणार नाही. आयएसआय चिन्हही पाहावे, कारण मोटारींच्या टायरांना ते बंधनकारक आहे. २०२० च्या जूनपासून टायरची आयात परवान्याच्या अधीन झाल्यामुळे काही परदेशी टायर एखाद्या मापात महिनोन्‌महिने मिळत नाहीत, आणि अशा वेळी ‘जुना साठा स्वस्तात’ म्हणून समोर येणाऱ्या टायरचा हा चौकोन तर दोनदा वाचावा.

इंच वाढवण्याचा मोह

आमच्याकडे सर्वांत जास्त चर्चा या विषयावर होते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत. २०५/५५ आर१६, २२५/४५ आर१७ आणि २२५/४० आर१८ ही तीन मापे घेतली, तर टायरचा एकूण व्यास अनुक्रमे सुमारे ६३२, ६३४ आणि ६३७ मिलिमीटर येतो. म्हणजे उंची जवळजवळ तीच राहते आणि स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही. बदलते ती रिम आणि रस्ता यांच्यामधल्या रबराची उंची : सोळाला ती सुमारे ११३ मिलिमीटर, सतराला १०१ आणि अठराला फक्त ९०. दिसण्यातला सगळा डौल या २३ मिलिमीटरमधून येतो, आणि खड्ड्यात गेल्यावर त्याची किंमतही तेवढ्याच २३ मिलिमीटरमधून वसूल होते.

चाक खड्ड्याच्या कडेवर आदळते, तेव्हा साइडवॉल रिम आणि ती कड यांच्यामध्ये चिमटली जाते. चिमट जोराची असेल, तर बाहेरचे रबर शाबूत राहून आतील दोरे तुटतात आणि तेथे हवेचा फुगा येतो. गेल्या पावसाळ्यात पाथर्डी फाट्याकडून एक गाडी ‘ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरते, बॅलन्सिंग करून द्या’ म्हणून आली होती. बाहेरून चारही टायर स्वच्छ होते. लिफ्टवर घेतल्यावर डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूस, जेथे उभ्या माणसाची नजर कधीच जात नाही, सुपारीएवढा फुगा दिसला आणि त्याच्या समोरच रिमची ओठासारखी कड आत दबलेली होती. मालकांना खड्डा आठवत होता. पण पाणी साचल्यामुळे त्याची खोली कळली नव्हती आणि आदळल्यानंतरही गाडी सरळ चालत राहिल्यामुळे त्यांनी ती तशीच मुंबईला नेऊन आणली होती. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही; तो बदलावाच लागतो. त्यामुळे पावसाळ्यात जोरात आदळणे झाले की गाडी लिफ्टवर घेऊन टायरच्या आतल्या बाजू पाहून घ्याव्यात. या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.

सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात जागोजागी खोदकाम पाहायला मिळते आणि बुजवलेल्या चरांच्या कडा डांबर बसेपर्यंत धारदारच राहतात. अशा काळात आमचा सल्ला असा की कंपनीने आपल्या मॉडेलसाठी दोन मापे दिली असतील, तर लहान रिमचे माप घ्यावे. मात्र ती रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून (चाकाच्या आत बसणाऱ्या, ब्रेक आवळणाऱ्या भागावरून) मोकळी फिरते ना, हे आधी तपासून घ्यावे. वेगवान गाड्यांचे पुढचे ब्रेक मोठे असल्यामुळे सगळीकडे हे शक्य होत नाही. अठराच इंच ठेवायचे असतील, तर एक्सएल खुणेचा, म्हणजे जास्त भारासाठी बांधलेला टायर घ्यावा आणि हवेचा दाब कधीही कमी पडू देऊ नये.

पाऊस आणि रबर

नवीन टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या लहान आडव्या पट्ट्या असतात. टायर घासून त्यांच्या बरोबरीला आला की त्याचे आयुष्य संपले, असे नियम सांगतो. आम्ही मात्र इगतपुरीच्या बाजूने नियमित जाणाऱ्या वेगवान गाड्यांना ३ मिलिमीटरलाच टायर बदलण्यास सांगतो, कारण उथळ खाचांत पाणी मावत नाही, आणि न मावलेले पाणी टायरला रस्त्यावरून उचलून धरते. विमानांच्या टायरांसाठी नासाने १९६० च्या दशकात मांडलेल्या सूत्रानुसार, खाचांत न मावणाऱ्या पाण्यावर ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाबाचा टायर ताशी सुमारे ९६ किलोमीटरला तरंगू लागतो; दाब २५ वर आला, तर तोच वेग सुमारे ८३ वर येतो. प्रत्यक्षात रस्ता, टायरच्या खाचांची नक्षी आणि गाडीचे वजन यांमुळे फरक पडतो, पण हवा कमी तर धोका लवकर, हे त्यातून स्पष्ट कळते. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हेही रुंदी वाढवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

रबराच्या मिश्रणात सिलिकाचे प्रमाण चांगले असेल, तर टायर ओल्या रस्त्याला घट्ट धरतो आणि इंधनही कमी खातो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या टायरांसाठी ओल्या रस्त्यावरील पकड, रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना टायरकडून होणारा विरोध) आणि आवाज यांचे किमान निकष अधिसूचित केले. पण किमान निकष पार करणाऱ्या दोन टायरांतही बराच फरक असतो, आणि वेगवान गाडीसाठी पैसे खर्च करायचेच असतील, तर ते ओल्या रस्त्यावरील ब्रेकिंगवर करावेत. ट्रॅकसाठीचे सेमी-स्लिक टायर तापल्याशिवाय धरत नाहीत, खाचा कमी असल्यामुळे पाण्यात घाबरवतात आणि आपल्या रस्त्यांवर झटपट झिजतात. रॅली पाहत वाढलेल्या तरुण मंडळींना ते आवडतात, हे आम्ही जाणतो. तरीही रोजच्या गाडीला ते आम्ही सुचवत नाही.

थंडीचे एक सांगायचे राहिले. बर्फासाठीचे विंटर टायर येथे लागत नाहीत. तरीपण निफाडच्या बाजूला जानेवारीत पारा फार खाली उतरतो, आणि सुमारे ७ अंशांखाली उन्हाळी मिश्रणाचे रबर कडक होते. अशा पहाटे पहिले काही किलोमीटर सांभाळून चालवले की पुरे.

हवा

दाब नेहमी थंड टायरवर, म्हणजे सकाळी गाडी निघण्यापूर्वी, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरावा. तापमानात ५ ते ६ अंशांचा फरक पडला की दाब साधारण १ पीएसआयने बदलतो. त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या टायरमध्ये भरलेले ३३ पीएसआय डिसेंबरच्या पहाटे बरेच कमी भरतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे भरलेला दाब मुंबईत गेजवर साधारण १ पीएसआयने कमी दिसतो. तेवढ्यावरून व्हॉल्व्हवर संशय घेऊ नये. नायट्रोजनविषयी विचारणा होते, तेव्हा आम्ही साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, असे सांगतो. दर पंधरा दिवसांनी दाब तपासणाऱ्यास साधी हवा पुरेशी आहे.

पंक्चर, आणि दोन की चार

अंबड-सातपूरच्या रस्त्यांवर लेथची बर, म्हणजे धातूचे धारदार कपचे, आणि द्राक्षबागांच्या भागात तारेचे तुकडे, ही आपल्याकडची नेहमीची कारणे. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागाच्या मध्यावरचे लहान छिद्र आतून मशरूम पॅच (छिद्रात दांडी बसणारे, मशरूमच्या आकाराचे ठिगळ) लावून नीट दुरुस्त होते. बाहेरून ठोकलेली नुसती दोरी ही दुकानापर्यंत येण्याची सोय समजावी. साइडवॉलवरचे छिद्र दुरुस्त होत नाही. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर चालतात, पण त्यांची बाजू कडक असते आणि खड्डे अंगाला जाणवतात; ते काढून साधे टायर घालायचे असतील, तर गाडीत स्टेपनी नाही, हे आधी आठवावे.

दोनच टायर बदलायचे असतील, तर नवे मागे लावावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची चाके सुटली, तर स्टिअरिंगमध्ये जाणवते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची सुटली, तर गाडी गरकन फिरते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारख्या खोलीचे हवेत, नाहीतर घेरातल्या फरकाचा ताण क्लच आणि डिफरन्शियलवर येत राहतो.

गाडी आणताना

दारावरच्या स्टिकरचा फोटो आणि सध्याच्या टायरची किलोमीटर-नोंद आणावी. खाचांची खोली आम्ही आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या बाजूला, अशी तीन ठिकाणी मोजून लिहून देतो. आतली बाजू २ आणि बाहेरची ५ मिलिमीटर असेल, तर आधी अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) आणि मग टायर, अन्यथा नवाही तसाच घासेल. बाण किंवा ‘बाहेरची बाजू’ अशी खूण असलेले टायर बसवल्यावर आपण स्वतः एकदा फेरी मारून पाहावे. नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच, आवळले जातील. नव्या टायरवर साच्यातील तेलकट थर असतो, म्हणून पहिले ३०० किलोमीटर गाडी जोरात वळवू नये किंवा ब्रेक जोरात दाबू नये. आणि १०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासण्यासाठी एकदा दुकानात यावे, पाच मिनिटे लागतात.