‘ट्रॅव्हलर’मधला पात्राचा मृत्यू: नेमका नियम काय होता?

१९७७ साली निघालेल्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळविषयक रोलप्लेइंग खेळात (म्हणजे प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका वठवतो अशा खेळात) पात्र तयार होतानाच मरू शकते, म्हणून त्यात समतोल नाहीच, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. पहिला भाग मूळ नियमांपुरता खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

खेळ सुरू होण्याआधी पात्र चार-चार वर्षांच्या सेवाकाळांतून कौशल्ये मिळवते आणि प्रत्येक काळात जिवंत राहण्यासाठी दोन फासे टाकावे लागतात. स्काउट (टेहळणी) सेवेत, अंगी विशेष काटकपणा नसल्यास, बेरीज किमान ७ यावी लागते, म्हणजे ३६ पैकी १५ शक्यता मृत्यूच्या. खेळ सुरू झाल्यावर कौशल्ये फारशी वाढत नसल्याने आणखी चार वर्षे सेवेत राहण्याचा मोह होतोच, आणि हा धोका म्हणजे त्या मोहाची किंमत आहे. शिवाय वयाच्या ३४व्या वर्षापासून वार्धक्याचे फासेही टाकावे लागतात. समतोल आहे तो इथेच, आणि सर्वांना सारखे गुण वाटण्यापेक्षा मला तो अधिक प्रामाणिक वाटतो.

पुढे १९८१च्या आवृत्तीत मृत्यूऐवजी दुखापत होऊन सेवा सुटण्याचा पर्याय आला, तर मंगूस या प्रकाशनसंस्थेच्या २००८च्या आवृत्तीत मृत्यूऐवजी अपघातांचा तक्ता हाच मुख्य नियम झाला.