जुन्या मॉडेलांचे पुनर्रंगकाम

दुसऱ्या कुणी जोडून रंगवलेले विमान, रणगाडा किंवा रेल्वे इंजिनाचे छोटे मॉडेल, किंवा छोटी धातूची मूर्ती घेऊन तिला नव्याने रंग देणे, याला पुनर्रंगकाम म्हणतात. यात कसोटी लागते ती जुन्या रंगाशी. आधीच्या हाताने कोणता रंग लावला, किती थर दिले, वर वार्निश मारले का, हे सांगायला बहुधा कोणी नसते.

मॉडेलांवर मुख्यतः तीन जातींचे रंग आढळतात: पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक, टर्पेंटाइनने पातळ होणारे इनॅमल आणि स्वतःच्या तीव्र थिनरने (पातळ करणाऱ्या द्रावणाने) पातळ होणारे लॅकर. पंखाखाली किंवा तळाशी, सहसा न दिसणाऱ्या जागी, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड घासून पाहावा. रंग लगेच कापसाला लागला तर तो बहुधा ॲक्रिलिक असतो. जुने इनॅमल सहजी दाद देत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि मग टर्पेंटाइनही अपुरे पडते. लॅकर मात्र कितीही जुना असला तरी आपल्या थिनरमध्ये पुन्हा विरघळतो.

रंगाइतकेच त्याखालचे साहित्यही ओळखावे लागते आणि घात होतो तो इथेच. रंग उतरवायला ॲसिटोन व लॅकर थिनर धातूच्या मूर्तीला चालतात, पण प्लास्टिक किटच्या पॉलिस्टायरीनला ते विरघळवून टाकतात. याउलट कॉस्टिक सोड्याने प्लास्टिकला काही होत नाही आणि जुने इनॅमल निघते. पण जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून केलेल्या डायकास्ट गाड्या आणि ॲल्युमिनियमचे भाग त्यात झिजतात. काही जण ब्रेक ऑइल वापरतात. त्यातले ग्लायकॉलवर आधारित डॉट ३ आणि डॉट ४ उपयोगी पडतात, सिलिकॉनवर आधारित डॉट ५ नाही. म्हणून सौम्य द्रावणापासून सुरुवात करून हळूहळू पुढे जाणे शहाणपणाचे. घाईत बिघडलेला पंख पुन्हा मिळत नाही. हातमोजे आणि खेळती हवा प्रत्येक टप्प्यावर हवीच.

जुन्या रंगात शिसे असू शकते आणि जुने धातूचे सैनिक तर अनेकदा शिशाचेच असतात. त्यामुळे कोरडे घासणे पूर्णपणे टाळावे. ओल्या पॉलिश पेपरने धूळ उडत नाही.

प्रत्येक वेळी रंग उतरवावाच लागतो असे नाही. थर पातळ आणि घट्ट असेल तर साबणाने धुऊन, हलके घासून, प्रायमर, म्हणजे नव्या रंगाखालचा पहिला थर, मारला की भागते. फक्त इनॅमलवर तीव्र लॅकर प्रायमर मारू नये, खालचा थर सुरकुततो. थर जाड असतील तर मात्र ते काढण्यावाचून इलाज नाही. २८ मिमी उंचीच्या मूर्तीचे डोळे-ओठ दोन-तीन जादा थरांखालीच बुजून जातात. रंग निघताना अनेकदा सुपरग्लूचे जोडही सुटतात. ते नव्याने, नीट जोडता येतात ही त्यातली जमेची बाजू.

कारखान्यातून रंगवून आलेल्या जुन्या डायकास्ट खेळण्यांना हात लावण्याआधी थांबावे. संग्राहकांच्या लेखी टवके उडालेला मूळ रंगही सफाईदार नव्या रंगापेक्षा मोलाचा असतो, आणि एकदा उतरवलेला तो रंग परत आणता येत नाही.