एक्स्टेन्शन मेथड (सी शार्प)

सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत एखाद्या टाइपचा सोर्स कोड न बदलता आणि सबक्लासही (त्यावरून बनवलेला नवा क्लास) न करता, बाहेर लिहिलेली मेथड (टाइपशी जोडलेलं फंक्शन) त्या टाइपचीच असल्यासारखी डॉट लावून कॉल करायची सोय. नोव्हेंबर २००७ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ २००८ सोबत सी शार्प ३.० आली, त्यात ही आली.

मूळ कुठलं यावर मतं वेगवेगळी आहेत. काहीजण स्मॉलटॉक भाषेपर्यंत मागे जातात, काही ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतल्या कॅटेगरीकडे बोट दाखवतात, मल्टिजावाचे (जावाचं विस्तारित रूप) ओपन क्लासेस (२०००) पण चर्चेत येतात. पण या सगळ्यात नवी मेथड खरोखर क्लासला जोडली जाते आणि कुठली चालणार ते रनटाइमला (प्रोग्रॅम चालताना) ठरतं, सी शार्पमध्ये मूळ क्लासला हातच लागत नाही, त्यामुळे साम्य बहुतेक दिसण्यापुरतंच. जवळचं कारण लिंक (LINQ, कोडमध्येच डेटावर क्वेरी लिहायची सोय) हेच जास्त पटतं: आयइन्युमरेबल (एकेक घटक देणाऱ्या संग्रहांचा) इंटरफेसमध्ये व्हेअर, सिलेक्ट या क्वेरीच्या मेथड घातल्या असत्या तर तो इंटरफेस वापरणारे आधीचे सगळे क्लास मोडले असते, म्हणून त्या सिस्टम.लिंक नेमस्पेसमधल्या (नेमस्पेस म्हणजे क्लासेसचा नाव दिलेला गट) इन्युमरेबल या स्टॅटिक क्लासमध्ये ठेवल्या.

मेथड स्टॅटिक (ऑब्जेक्ट न बनवता क्लासच्या नावाने कॉल होणारी) असते आणि पहिल्या पॅरामीटरच्या आधी 'धिस' लिहायचं. मग वाक्य.शब्दमोज() असं लिहिलं की कंपायलर ते मदत.शब्दमोज(वाक्य) करून टाकतो, इथे मदत हा मेथड ठेवलेला क्लास (नावं देवनागरीत ठेवली तरी सी शार्पला चालतात, कोणी ठेवत नाही ती गोष्ट वेगळी). म्हणूनच वाक्य नल (कुठल्याच ऑब्जेक्टकडे न दाखवणारं) असलं तरी कॉल आरामात होतो, मेथडच्या आत त्याला हात लावला की मग नल रेफरन्स एक्सेप्शन.

शोधायचा क्रम नीट बघण्यासारखा आहे. आधी टाइपची स्वतःची मेथड, ती लागू पडत असेल तर एक्स्टेन्शनकडे बघितलंच जात नाही, म्हणजे क्लासची मेथड ऑब्जेक्ट घेणारी आणि तुमची नेमकी इंट घेणारी असली तरी क्लासचीच चालणार. ती नसेल तरच आतल्या नेमस्पेसपासून बाहेर, यूझिंग या ओळीने आणलेल्या क्लासेसपर्यंत शोध. याचा फटका असा, की स्ट्रिंगवर कंटेन्स (मजकुरात मजकूर शोधणारी मेथड) याचं स्ट्रिंगकंपॅरिझन (तुलना कशी करायची ते) घेणारं रूप डॉटनेट कोअर २.१ मध्ये आलं आणि ज्यांनी तसंच एक्स्टेन्शन आधी लिहून ठेवलं होतं त्यांचा कोड नव्या व्हर्जनवर परत कंपाइल केल्यावर गुपचूप नव्या मेथडकडे वळला, एरर नाही, वॉर्निंग नाही. एकाच पातळीवर दोन सारखी एक्स्टेन्शन सापडली तर मात्र अँबिग्युअस म्हणून एरर येते, तेव्हा सरळ क्लासचं नाव घेऊन कॉल करायचा. रिसीव्हरचं (डॉटच्या आधी असतो तो) इंटवरून लाँग असं रूपांतर होत नाही, त्यामुळे लाँगवरचं एक्स्टेन्शन ५ वर कॉल करता येत नाही. डायनॅमिक (ज्याचा टाइप रनटाइमला ठरतो) रिसीव्हरवर तर चालतच नाही.

कॉटलिन, डार्ट (२.७ पासून) या भाषांमधल्या एक्स्टेन्शनचाही निर्णय कंपाइल टाइमलाच होतो. सी शार्प १४ मध्ये एक्स्टेन्शन ब्लॉक आले, त्यात प्रॉपर्टीही लिहिता येतात, जुना 'धिस'वाला प्रकारही चालू आहे.